सांगलीचा राजकीय टिंगल-नकाशा कसा काढायचा

प्रभाग रचना जाहीर झाली की आपल्याकडं कट्ट्याकट्ट्यावर एकच चर्चा, ही हद्द कुणासाठी वळवली. त्यावर लांबलचक पोस्ट कोण वाचत नाय, टिंगल-नकाशा, म्हणजे खऱ्या नकाशावर मारलेला एक टोमणा, टाकला तर मात्र लगेच फॉरवर्ड होतोय.

आधी विषय एकच घ्या. खड्डे, फ्लेक्स, पाणी, पक्षांतर सगळं कोंबलं की भेळ होते. समजा जतच्या पूर्व भागाचं पाणी घेतलं.

मग बेस नकाशा. ओपनस्ट्रीटमॅपवर फुकट मिळतो, फक्त खाली त्यांचं नाव द्यायचं. आणि हा अगदी बरोबर पाहिजे, कृष्णेचं वळण, म्हैसाळ, जत सगळं जागच्या जागी, कारण माणूस पहिलं आपलं गाव शोधतो आणि तेच चुकलं तर तुमचा टोमणा गेला वाऱ्यावर. १८१२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या पक्षाने सोयीचा वेडावाकडा मतदारसंघ पाडला, तेव्हा एका बॉस्टनच्या पेपरने हद्द तशीच ठेवून त्याला फक्त पंख, नख्या आणि डोकं काढलं, झाला राक्षस! १८७७ च्या फ्रेड रोझ या इंग्रज चित्रकाराच्या टिंगल-नकाशात रशिया ऑक्टोपस आहे, तिथंही युरोप ओळखू येतोच. एवढंच करायचं, नकाशा खरा आणि खोडी एक.

खरी मजा सूचीत, म्हणजे कुठला रंग, कुठली खूण कशाची ते सांगणाऱ्या यादीत, तिथं घाई नको. भाषा एकदम सरकारी, हसू दिसता कामा नये. गडद निळा: पाणी आलेला भाग. फिकट निळा: पाण्याचा नारळ फुटलेला भाग. ठिपके: टँकर. आता जत पूर्व फिकट निळा करा आणि वर ठिपके टाका, बाकी काय लिहायची गरजच नाय. प्रमाण, १ सेंमी = २ आश्वासनं. उत्तरेच्या बाणाखाली बारीक अक्षरात "दिशा आज सकाळपर्यंतची, साहेब हलल्यास बदलेल".

जात, धर्म, मोहल्ला यांच्यावर रंग टाकू नका, टोमणा खुर्चीला मारायचा. देशाच्या हद्दीला तर हातच लावू नका, सर्व्हे ऑफ इंडियाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं गुन्हा आहे.

"विनोदासाठी" हे नकाशाच्या मधोमध लिहा, कडेला लिहिलं की कोणतरी क्रॉप करून खरा म्हणून फिरवतोय. अक्षरं मोठी ठेवा, सगळे मोबाईलवरच बघणार.