कंपनीत नवीन लागणाऱ्या पोरांनो, बीपीचा कागद सांभाळून ठेवा

आयटीआय करून वाळूज, शेंद्रा नाहीतर जालन्याच्या स्टील मिलला लागलेली पोरं विचारत असतात, भाऊ धुरानं काय होतं का. फुफ्फुसाचं सगळ्यांना माहितीय, हार्टचं कुणी बोलत नाही म्हणून लिहायलोय. मी वेल्डर म्हणून लागलो, मधे बॅटरी प्लान्टला होतो, आता सेफ्टीला आहे.

शिसं, कॅडमियम, आर्सेनिक हे धुरा-धुळीतून अंगात जाणारे धातू रक्तवाहिन्या खराब करतात, २०२३ ला अमेरिकन हार्ट असोसिएशननं पण हार्टच्या धोक्यात यांचं नाव घेतलंय. शिशानं बीपी वाढतं अन् ते ना दुखतं ना खुपतं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं पण हाडात मुरलेलं वीस-वीस वर्षं निघत नाही, म्हणजे काम सोडलं तरी हिशोब चालूच. बॅटरीच्या प्लेटा ओतणं (ग्रिड कास्टिंग), त्यांवर शिशाचा लगदा भरणं (पेस्टिंग), जुन्या बॅटऱ्या फोडणं, जुना रंग ग्राइंडरनं घासणं, इथं शिसं. कॅडमियम प्लेटिंगला अन् काही ब्रेझिंग रॉडमधे, आणि बिडी-सिगारेटमधे तर असतंच.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला वेल्डिंग केलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तो जस्ताचा, एक-दोन दिवसात उतरतो. त्यावरून जुने लोक सांगतात गूळ खा दूध पी सगळं निघून जातं. शिसं असं निघत नाही बरं का. पण उपाशीपोटी ते जास्त शोषलं जातं, अन् अंगात लोह-कॅल्शियम कमी असलं तरी, म्हणून फर्स्ट शिफ्टला नुसत्या चहावर जाऊ नका, भाकरी खाऊन जा.

तोंडाला रुमाल बांधून धूर अडत नाही, धुराचा योग्य मास्क मागा. पण मला विचाराल तर जास्त घात हातानं होतो. तळहातावर तंबाखू-चुना मळताना बघा, रेषांमधे काळी धूळ बसलेली असते, अंगठा फिरला की तीच चिमटीत येते अन् सरळ ओठाखाली. तंबाखू सुटत नसली तर निदान साबणानं हात धुवून मळा (सोडली तर उत्तमच, तिनं पण बीपी चढतं). सुट्टी होताना एअर मारून कपडे झाडू नका, ती धूळ परत नाकात जाते, आणि ते कपडे लेकरांच्या कपड्यात धुवायला टाकू नका.

मेडिकलची तर वेगळीच गंमत. एका ठिकाणी जॅकेटच्या बाहीवरूनच पट्टा बांधायचे अन् अख्ख्या लाईनचं बीपी १२०/८०! म्हणून जॉइन होतानाच बाहेर एकदा नीट बघून घ्या, पाच मिनिटं शांत बसून, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, आणि कागदाचा फोटो मोबाईलमधे ठेवा कारण ठेकेदार बदलला की जुनी फाईल कुणालाच सापडत नाही. शिशाचं काम असलं तर ब्लड लेड टेस्ट (रक्तातलं शिसं मोजायची) वेगळी मागा, नेहमीच्या रक्ततपासणीत (सीबीसी) तो आकडा येत नाही. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं पण नाही.

डिटॉक्सच्या सलाईनवर पैसे घालू नका. आधी अटॅक येऊन गेलेल्या शुगरच्या पेशंटवर अमेरिका-कॅनडात चिलेशनची (सलाईनमधून औषध देऊन अंगातले धातू बाहेर काढायची) मोठी ट्रायल झाली, २०२४ ला निकाल आला, रक्तातलं शिसं निम्म्याहून जास्त उतरलं पण अटॅक काही कमी झाले नाहीत. आधीच अंगात जाऊ न देणं हेच स्वस्त पडतं.

ईएसआयचं (सरकारी कामगार विमा) कार्ड काढून घ्या, शिशाची विषबाधा त्यांच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. दवाखान्यात गेल्यावर नुसतं "कंपनीत आहे" म्हणू नका, कास्टिंगला आहे का फर्नेसला, किती वर्षं, ते सांगा अन् केसपेपरवर लिहूनच घ्या, पुढं क्लेमची वेळ आली तर तोच कागद विचारतात.