आमच्या राजाच्या बरगड्या

जतजवळच्या आमच्या वस्तीवरचा कारवानी जातीचा कुत्रा राजा, वय 14 महिने. दिवसभर शेळ्यांमागं पळायचा. बरगड्या लांबूनही मोजता याव्यात. दूध-भाकरी वाढवली तर हगवण लागली. डॉक्टरांनी शी तपासली, जंत निघाले. औषध दिलं, 15 दिवसांनी परत दिलं. दूध बंद. दोनऐवजी तीन वेळा खाणं: भात, हाडं काढून उकडलेली कोंबडी, एक अंडं, चमचाभर तेल. कांदा-लसणाचं कालवण अजिबात नाही. खाल्ल्यावर तासभर साखळीला, कारण लगेच पळाला की पोट फुगायची भीती. त्याला उचलून काट्यावर उभा राहायचो, माझं वजन वजा करायचो. दीड महिन्यात 19 चे 22 किलो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या अजून दिसतात, पण कारवानीच्या दिसायच्याच. आई मात्र अजून चोरून भाकरी टाकते.