उरलेल्या जाड लोकरीचे बिनबोटांचे हातमोजे

जाड लोकर नवशिक्यांना सोपी, असं म्हणतात. काम भराभर वाढतं हे खरं, पण या लोकरीत एक टाका म्हणजे जवळजवळ सात मिलिमीटर. चार-प्लायच्या, म्हणजे बारीक लोकरीच्या, स्वेटरमध्ये दोन टाके जास्त झाले तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे तेवढ्यानेच हातमोजा दीड सेंटिमीटर ढिला होतो. मोजमाप सुरुवातीलाच पक्कं करावं ते यासाठी.

जोडीला साधारण ५० ग्रॅम लोकर पुरते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गुंडी ठेवा, आणि एकाच रंगाची असेल तर आधी वजनाने दोन सारखे भाग करा. पहिला हातमोजा ऐटीत लांब आणि दुसऱ्याला लोकर अपुरी, हा घोळ नेहमीचा आहे. दोन गुंड्या घेऊन दोन्ही हातमोजे एकाच सुईवर शेजारी शेजारी विणले तर तोही प्रश्न मिटतो आणि ओळीही आपोआप सारख्या येतात. जाड लोकर घरात नसेल तर मध्यम जाडीच्या आठ-प्लाय लोकरीचे दोन पदर एकत्र धरून विणा.

सुया ६ मिलिमीटरच्या घ्या. जुन्या ब्रिटिश क्रमांकात ही ४ नंबरची सुई, अमेरिकी क्रमांकात १० नंबरची. आणि ब्रिटिश १० नंबर म्हणजे फक्त सव्वातीन मिलिमीटर! त्यामुळे परदेशी नमुना पाहून विणताना नंबर न बघता मिलिमीटर बघा.

आता नमुन्याचा तुकडा. १८ टाके घालून दहा-बारा सेंटिमीटर विणा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. १४ हवेत. १६ बसले तर हात घट्ट, मोठी सुई घ्या. १२ बसले तर बारीक. हा तुकडा टाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तो न विणता थेट सुरुवात केली तर पहिला हातमोजाच नमुन्याचा तुकडा ठरतो आणि उसवावा लागतो.

हातमोजा सपाट चौकोनी विणायचा आणि दोन्ही कडा एकमेकींना शिवून त्याची नळी करायची. मध्यम हातासाठी २६ टाके. शिवणीत दोन्ही कडांचा एकेक जातो, उरलेल्या २४ टाक्यांचा घेर सुमारे १७ सेंटिमीटर. मोठ्या हाताला ३०, लहान मुलांना २२. चाराच्या पटीत दोन मिळवायचे, म्हणजे बॉर्डर (दोन सुलट, दोन उलट अशी ताणणारी पट्टी) शिवणीपाशी बरोबर जुळते. टाके घालण्यापूर्वी सव्वा मीटर टोक सोडा. टाके घातल्यावर उरेल त्याने शिवण होईल. टाके घट्ट पडत असतील तर दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर घाला आणि मग एक काढून घ्या.

पहिली ओळ: दोन सुलट, मग दोन उलट, दोन सुलट असं शेवटपर्यंत. उलटून आल्यावर समोर दिसेल तसं विणा, म्हणजे सुलटवर सुलट, उलटवर उलट. बॉर्डरच्या अशा १० ओळी झाल्या की १६ ओळी साध्या, एक ओळ पूर्ण सुलट आणि एक ओळ पूर्ण उलट अशा आलटून पालटून. शेवटी पुन्हा ६ ओळी बॉर्डर. एकूण लांबी साधारण १६ सेंटिमीटर. कडेचा पहिला टाका न विणता उचलायची सवय अनेकींच्या हाताला असते. इथे ती सोडा. उचललेल्या कडेचे टाके लांबट होतात आणि जाड लोकरीत शिवणीला भोकं पडतात.

बंद करताना बॉर्डरचाच क्रम ठेवा आणि हात सैल सोडा. एक नंबर जाड सुई वापरली तर उत्तम. इथे घट्टपणा आला तर हातमोजा मुठीतून आत जाणारच नाही. त्या शेवटच्या ओळीसाठी रुंदीच्या चौपट धागा शिल्लक आहे ना, हे आधी बघून घ्या.

शिवण खालून साडेआठ सेंटिमीटर वर आणा, अंगठ्यासाठी साडेचार सेंटिमीटर मोकळे सोडा, उरलेले तीन वरच्या टोकाने शिवा. भोकाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन जादा टाके हवेत, फाटायला सुरुवात तिथूनच होते. भोक शिवणीतच असल्याने डावा-उजवा हा भेद नाही.

पट्टे करायचे तर रंग सुलट बाजूच्या ओळीला बदला, म्हणजे सगळी टोकं एकाच कडेला येऊन शिवणीत लपतात. बॉर्डरमध्ये रंग बदलायचा असेल तर नव्या रंगाची पहिली ओळ पूर्ण सुलट विणा, नाहीतर उलट टाक्यांवर जुन्या रंगाचे ठिपके दिसतात. मध्येच गाठ मारू नका. जाड लोकरीची गाठ तळव्याला खड्यासारखी टोचते. १५ सेंटिमीटर टोक सोडून शिवणीत ओवा.

बाजारात लोकर म्हणून मिळतं ते बरंचसं अ‍ॅक्रिलिक असतं. खरी लोकर गरम पाण्यात आटते, अ‍ॅक्रिलिक आटत नाही. दोन्ही एकाच हातमोज्यात आले तर धुतल्यावर पट्टे वेडेवाकडे होतात. शंका असेल तर धाग्याचं टोक जपून जाळून बघा: अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री नको, बॉर्डरचा ताण कायमचा जातो.

आणि निफाडच्या थंडीत पहाटे दुचाकीवर निघणार असाल तर हे हातमोजे घालू नका. जाड विणीतून वारा आरपार जातो, शिवाय हँडलवर पकड सुटते. फिरायला जाताना किंवा संगणकावर टाइप करताना ते छान.