गेमिंग पीसी जुळवताना पॉवर सप्लाय कसा निवडावा

पीसीच्या भागांची यादी करताना पॉवर सप्लाय, म्हणजे आपला एसएमपीएस, बहुतेकदा सगळ्यात शेवटी येतो. तोपर्यंत पैसे ग्राफिक्स कार्डावर खर्च झालेले असतात आणि उरलेल्या रकमेत जो बसेल तो उचलला जातो. ही पद्धत महागात पडते. प्रोसेसर बिघडला तर प्रोसेसर जातो; निकृष्ट पॉवर सप्लाय बिघडताना जास्त व्होल्टेज पुढे ढकलू शकतो, आणि मग मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि डेटासकट ड्राइव्ह सगळंच धोक्यात येतं. म्हणून त्याचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढावेत. मॉडेल मात्र शेवटीच ठरवावं, कारण वॅट किती आणि कनेक्टर कोणते हे बाकीचे भाग ठरल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात मॉनिटरपासून

कोणत्या रेझोल्यूशनवर खेळायचं यावर ग्राफिक्स कार्ड ठरतं. १०८०पी आणि जास्त रिफ्रेश रेट असेल तर प्रोसेसरवरही बराच भार येतो. १४४०पी आणि ४के वर जवळपास सगळं काम ग्राफिक्स कार्डाचं. १४४०पी साठी नवं कार्ड घेताना १२ जीबी व्हीरॅमच्या (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या) खाली जाऊ नये असं आमचं ठाम मत आहे. ८ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर कमी करावे लागतात, नाहीतर फ्रेम अडखळतात.

कार्ड ठरलं की प्रोसेसर, मग त्याच्या सॉकेटचा मदरबोर्ड, मग रॅम, कूलर, कॅबिनेट. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए१७०० वर बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५, पण सहसा एका बोर्डावर एकच प्रकार. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम स्लॉटमध्ये बसतच नाही.

किती वॅट लागतील

इथे तीन आकडे मिळवायचे: ग्राफिक्स कार्डाची कमाल पॉवर, प्रोसेसरची कमाल पॉवर, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांसाठी ५० ते ७० वॅट.

प्रोसेसरच्या खोक्यावरचा टीडीपी (कूलर निवडण्यासाठी दिलेला उष्णतेचा आकडा) इथे वापरू नये. रायझन ५ ७६०० चा टीडीपी ६५ वॅट आहे, पण सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत घेऊ शकतो. रायझन ७ ७८००एक्स३डी चा टीडीपी १२० आणि मर्यादा १६२ वॅट. कोअर आय९-१४९००के ची मर्यादा २५३ वॅट आहे, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ही मर्यादा उठवलेली असेल तर तो त्याहूनही पुढे जातो. खेळताना प्रोसेसर सहसा या मर्यादेच्या बराच खाली असतो, तरी हिशोब मर्यादेचाच धरावा.

एक उदाहरण घेऊ. ७८००एक्स३डी चे १६२, आरटीएक्स ४०७० सुपर या ग्राफिक्स कार्डाचे २२०, बाकी ६०. बेरीज ४४२ वॅट. याला चांगला ६५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो. पुढे मोठं कार्ड घ्यायचं मनात असेल तर ७५० घ्या. रायझन ५ ७६०० आणि ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० असेल तर बेरीज २६० च्या आसपास येते. तिथे ५५० भरपूर झाले. दुसऱ्या टोकाला १४९००के आणि ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० जोडलं तर बेरीज पावणेआठशेच्या घरात जाते आणि १००० वॅटच घ्यावा लागतो.

४४२ लागतात तर ५०० का पुरत नाही? कारण ग्राफिक्स कार्डाची छापील पॉवर ही सरासरी असते. फ्रेममागून फ्रेम बनताना कार्ड काही मायक्रोसेकंदांपासून काही मिलिसेकंदांपर्यंत त्याच्या दीडपट-दुप्पट करंट ओढतं. भिंतीतल्या साध्या वॅटमीटरवर हे दिसत नाही, पण पॉवर सप्लायमधल्या संरक्षण सर्किटला ते दिसतं आणि ते सगळं बंद करतं. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० च्या काळात धडधाकट ७५० वॅटचे सप्लायही असे ट्रिप होत होते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात याची तरतूद झाली: नव्या १६ पिनच्या कनेक्टरसह येणाऱ्या, ४५० वॅटपेक्षा मोठ्या सप्लायने स्वतःच्या वॅटेजच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. नवा सप्लाय घेताना खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं बघूनच घ्या. बेरीज करून ३० ते ५० टक्के जास्त ठेवण्यामागचं कारणही हेच. त्याहून फार मोठा घेऊन उपयोग नाही. ३०० वॅटच्या पीसीला १२०० वॅटचा सप्लाय लावण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या बनावटीच्या ६५० वर घालावेत.

लेबल कसं वाचायचं

सप्लायच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखालचे अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात. ६५० वॅटच्या सप्लायवर ५४ अँपिअर असतील तर ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८ वॅट. जवळपास सगळी ताकद कामाच्या ठिकाणी उपलब्ध आहे. त्याच ६५० च्या नावाखाली ३५ अँपिअर दिसले तर हातात ४२० वॅटच आहेत आणि उरलेला आकडा ३.३ आणि ५ व्होल्टमध्ये कोंबलेला आहे. असा सप्लाय खाली ठेवा. १२ व्होल्टच्या दोन-तीन रेल (पुरवठ्याच्या वाटा) वेगळ्या छापल्या असतील तर त्यांची साधी बेरीज करू नका; एकत्रित कमाल वॅट वेगळे दिलेले असतात, ते धरा.

८० प्लसचं ब्रॉन्झ किंवा गोल्ड हे मानांकन फक्त कार्यक्षमता सांगतं. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडला ब्रॉन्झला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. ४०० वॅटच्या भाराला भिंतीतून अनुक्रमे सुमारे ४७० आणि ४४५ वॅट ओढले जातील, म्हणजे फरक २५ वॅटच्या आसपास. या मानांकनात रिपल (व्होल्टेजमधले बारीक चढउतार), संरक्षण सर्किटं किंवा कपॅसिटरचा दर्जा यांची परीक्षा होत नाही. म्हणून नुसता गोल्डचा शिक्का बघून निर्णय घेऊ नये. सविस्तर चाचणी शोधा, त्यात १२ व्होल्टवरचा रिपल १२० मिलिव्होल्टच्या मर्यादेपासून किती खाली आहे ते बघा. चांगले सप्लाय ५० च्याही खाली असतात. शॉर्टसर्किट, ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज आणि ओव्हरटेंपरेचर ही चार संरक्षणं तरी नावानिशी दिलेली हवीत. स्वस्त सप्लायमध्ये शेवटचं गाळलेलं असतं. वॉरंटीची वर्षंही बोलकी असतात: सात किंवा दहा वर्षांची हमी देणारा उत्पादक आत कोणते कपॅसिटर आहेत ते जाणून असतो.

सेकंडहँड सप्लाय किती वर्षं आणि किती तापमानात चालला ते कळायला मार्ग नसतो. ग्राफिक्स कार्ड जुनं घेतलं तरी चालेल, हा मात्र नवाच घ्या.

केबल: सगळ्यात जास्त चुका इथेच

मॉड्युलर सप्लायच्या, म्हणजे सुट्या करता येणाऱ्या, केबल एका मॉडेलमधून दुसऱ्यात कधीही वापरायच्या नाहीत, अगदी एकाच कंपनीच्या असल्या तरी. भागाकडचं टोक प्रमाणित असतं, सप्लायकडच्या टोकातल्या पिनांची मांडणी प्रत्येक जण आपली ठरवतो. केबल बसते, क्लिक होते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी किंवा हार्डडिस्क मरते. जुना सप्लाय काढून नवा लावताना जुन्या केबल तशाच ठेवायचा मोह होतो, कारण त्या आधीच नीट बांधलेल्या असतात. सगळ्या काढा.

प्रोसेसरची ८ पिनची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची केबल दिसायला सारख्या, पण त्यांतल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट असतात. ओळखायचं कसं? प्रोसेसरचं टोक ४ अधिक ४ असं दुभंगतं, ग्राफिक्सचं ६ अधिक २ असं. कोपऱ्यांचे आकार वेगळे असल्यामुळे चुकीचं टोक सहज आत जात नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा.

ग्राफिक्स कार्डाचा एक ८ पिन कनेक्टर १५० वॅटसाठी, ६ पिनचा ७५ साठी, आणि स्लॉटमधून आणखी ७५ मिळतात. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलला पुढे दोन तोंडं असतात ती जोडी २२० वॅटपर्यंतच्या कार्डाला चालून जाते, त्यापुढे तारा आणि कनेक्टर तापतात.

१६ पिनचा नवा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत देतो. म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटून प्रत्येकीवर सव्वाआठहून जास्त. जुन्या ८ पिनमध्ये हाच आकडा चारच्या आसपास होता. सांधा किंचित सैल राहिला की भार थोड्या पिनांवर येतो, त्या तापतात आणि प्लास्टिक वितळतं. २०२३ मधल्या १२व्ही-२×६ सुधारणेत चार सेन्स पिन (कनेक्टर बसल्याचं कार्डाला कळवणाऱ्या बारीक पिन) आखूड केल्या, जेणेकरून कनेक्टर अर्धवट असताना कार्ड पॉवर घेणारच नाही. तरीही हाताने खात्री करायचीच: कनेक्टर सरळ दाबा, क्लिक झाल्यावर ओढून बघा, बाजूने बघताना कार्डाच्या सॉकेटमध्ये फट दिसता कामा नये. केबल कनेक्टरपासून निदान ३५ मिलिमीटर सरळ जाऊ द्या आणि मगच वळवा. कॅबिनेटची काच केबलला दाबत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे.

बाकीचे भाग

रॅम दोन काड्यांचीच घ्या, आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. चार काड्या लावल्या की डीडीआर५ चा वेग उतरतो. बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) चालू केल्याशिवाय रॅम तिच्या छापील वेगाने धावत नाही.

बोर्ड घेताना व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक आहे का ते बघा. जास्त वॅटचा प्रोसेसर उघड्या व्हीआरएमच्या बोर्डावर वेग कमी करतो. एसएसडीचा एम.२ स्लॉट वापरल्यावर हार्डडिस्कचे कोणते साटा पोर्ट बंद होतात ते मॅन्युअलमध्ये असतं. कॅबिनेटच्या मापात तीन आकडे जुळवा: कार्डाची लांबी, कूलरची उंची, आणि सप्लायची लांबी. सप्लाय १६० मिलिमीटर असला तरी त्याच्या पाठीमागे केबल वळायला आणखी पाच-सहा सेंटिमीटर लागतात, आणि तिथेच हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो.

जोडणी आणि पहिली सुरुवात

बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि सप्लाय एवढंच जोडून आधी चालू करून बघा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर चित्रही दिसेल. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म आणि एम.२ हीटसिंकच्या पॅडवरची फिल्म काढायची राहून जाते, दोन्ही तपासा. डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमचं ट्रेनिंग (तपासून जुळवणी) करतो आणि काही मिनिटं पडदा काळाच राहतो. या वेळी घाईने बंद करू नका.

कॅबिनेटमध्ये बसवताना जिथे बोर्डाला भोक आहे तिथेच स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खुंट) हवा. जास्तीचा एखादा राहिला तर तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो: पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. सप्लायचा पंखा खालच्या जाळीकडे तोंड करून ठेवा. जाळी नसेल किंवा खाली गालिचा असेल तर वर करा.

खेळताना पीसी बंद पडत असेल तर

निळा पडदा किंवा नुसता गेम बंद होणं बहुधा रॅम किंवा ड्रायव्हरमुळे असतं. काहीही न दाखवता एकदम अंधार होऊन पीसी रिस्टार्ट होत असेल, किंवा सप्लायचं मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय उठतच नसेल, तर संशय पॉवर सप्लायवर घ्या. विंडोजच्या नोंदीतला कर्नल-पॉवर ४१ हा संदेश पीसी अचानक बंद झाला एवढंच सांगतो, कारण सांगत नाही.

ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं तर दोष पॉवरच्या वाटेत आहे: आधी केबल काढून पुन्हा बसवा, एकाच केबलची दोन तोंडं वापरली असतील तर वेगळी केबल आणा. वाटेत यूपीएस असेल तर तो बाजूला काढून थेट भिंतीतून चालवून बघा. यूपीएसची क्षमता व्हीए मध्ये नव्हे, वॅटमध्ये मोजायची असते. मल्टिमीटर असेल तर सप्लायच्या मोकळ्या चार पिनच्या मोलेक्स कनेक्टरवर, पिवळ्या आणि काळ्या तारेत, गेम चालू असताना व्होल्टेज मोजा. ते ११.४ ते १२.६ च्या आत राहिलं पाहिजे. सॉफ्टवेअरमधला १२ व्होल्टचा आकडा बोर्डाच्या सेन्सरचा असतो, त्यावर विसंबून सप्लाय बदलू नका.

आकडा भाराखाली ११.४ च्या खाली घसरत असेल तर वॉरंटीत परत द्या. उघडून बघायचं नाही: आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. परत देताना त्याच्या सगळ्या केबलही सोबत द्या, बदलून आलेला सप्लाय वेगळ्या मॉडेलचा असू शकतो.