नवीन मॉनिटर घेतलाय? "खराब आहे" म्हणायच्या आधी आणि "चालेल" म्हणायच्याही आधी या चुका टाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, रात्रीचे साडेअकरा वाजलेले आणि भाच्याचा फोन आला. "मामा, मॉनिटर डिफेक्टिव्ह निघाला, चारही कोपरे जळून राहिले, उद्याच परत करतो." मागोमाग व्हॉट्सॲपवर फोटो. खोलीत मिट्ट काळोख, स्क्रीन काळी आणि कोपऱ्यांत असा पिवळा उजेड की मागून कोणी टॉर्च मारतंय. म्हटलं, थांब, उद्या येतो, तोपर्यंत रिटर्न टाकू नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इथंच नागपुरात मनीषनगरला त्याच्या घरी जाऊन बसलो, तासभर पाहिला, तर मॉनिटर चांगलाच होता, दोष फोटो काढण्यात होता.

आणि त्याच्या दोन वर्षं आधी मी स्वतः नेमकं उलटं केलं होतं. बर्डीच्या बाजारातून २७ इंची मॉनिटर घेतला, माझं काम डीटीपीचं, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बॅनर, म्हणजे दिवसभर पांढरं पान समोर. तिसऱ्या दिवशी काळ्या बॅकग्राउंडचं एक कार्ड उघडलं आणि उजवीकडे खाली एक हिरवा ठिपका चमकला. दुकानदार म्हणाला, "आठ दिवस वापरा, बसून जाईल." बदलून द्यायची मुदत सात दिवसांची होती, नवव्या दिवशी गेलो तर आता सर्व्हिस सेंटरला जा, आणि सर्व्हिस सेंटर म्हणे एका ठिपक्यावर पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, बदलत नाही. तो ठिपका आजही तिथंच आहे.

म्हणून हे लिहितोय. चांगला माल परत करून पुढचा जास्त खराब येतो आणि खराब माल सांभाळत बसलं की मुदत निघून जाते, दोन्हीत नुकसान आपलंच. पहिल्या दोनतीन दिवसांत नीट तपासलं तर दोन्ही टळतं.

पहिली चूक: फोनच्या फोटोवर विश्वास ठेवणं

अंधारात काळ्या स्क्रीनचा फोटो काढला की फोनचा कॅमेरा आपणहून एक्सपोजर वाढवतो, म्हणजे जास्त उजेड टिपतो, नाइट मोड असला तर विचारूच नका. डोळ्याला जेमतेम दिसणारा उजेड फोटोत आगीसारखा दिसतो. भाच्याचं हेच झालं होतं, वर ब्राइटनेस १०० वर, फॅक्टरीतून आला तसाच. रात्री बंद खोलीत १०० ब्राइटनेसवर कोणीच काम करत नाही. तो आपण नेहमी ठेवतो तिथं आणा, बहुतेकांचा २५ ते ४० च्या आसपास असतो, खोलीत एखादा दिवा राहू द्या, खुर्चीत नेहमीसारखे बसा आणि मग डोळ्यांनी पाहा.

आता ग्लो आणि ब्लीड यातला फरक, कारण सगळा गोंधळ इथंच होतो. आयपीएस हा एलसीडी पॅनलचा एक प्रकार, त्यात काळ्या रंगावर तिरकं पाहिलं की थोडा उजेड झिरपतोच, ती त्या तंत्राची जात आहे, त्याला आयपीएस ग्लो म्हणतात. २७ इंची स्क्रीनसमोर दोन फुटांवर बसलं की कोपरे आपोआप तिरके दिसतात, म्हणून ग्लो कोपऱ्यांतच दिसतो. ओळखायचं सोपं आहे: डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा, ग्लो तुमच्यासोबत सरकतो, रंग बदलतो, कधी पिवळसर कधी चंदेरी. मग उठून सहासात फूट मागं जा आणि सरळ समोरून पाहा, ग्लो जवळपास निघून जातो. बॅकलाइट ब्लीड मात्र जागचा हलत नाही. तो फ्रेमच्या कडेपासून आत शिरलेला असतो, पॅनल कुठं तरी दाबलं गेलंय किंवा नीट बसलं नाही म्हणून मागचा उजेड फटीतून येतो, तुम्ही कुठूनही पाहा तो तिथंच. भाच्याला मी मागं उभं केलं, दाराला टेकून, तिथून पाहिल्यावर तो स्वतःच म्हणाला, "अरे मामा, गेला की." वरच्या कडेला बोटभर एक फिकट पट्टा तेवढा राहिला, तो ब्लीड होता, पण दिवा लावला की दिसत नव्हता. असा थोडा ब्लीड बहुतेक एलसीडीत असतो. सिनेमा पाहताना, खोलीत साधा उजेड असताना, न शोधता नजर तिकडे जात असेल तरच तो तक्रारीचा.

स्क्रू ढिले करून ब्लीड कमी करायचे व्हिडिओ खूप फिरतात. करू नका. वॉरंटी जाते आणि पॅनल तडकलं तर भांडायलाही जागा उरत नाही.

दुसरी चूक: केबल आणि सेटिंग न पाहता पॅनलला दोष देणं

माझ्याकडे लोक जे मॉनिटर "फिकट आहे" म्हणून दाखवायला आणतात त्यातले कितीतरी एचडीएमआय केबलवरून येणाऱ्या रंगांच्या रेंजमुळे फिकट असतात. कॉम्प्युटर पूर्ण ० ते २५५ ऐवजी टीव्हीसारखी १६ ते २३५ रेंज पाठवतो, काळा राखाडी होतो, पांढरा मळकट. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज फुल करा, मॉनिटरच्या मेन्यूत एचडीएमआय रेंज किंवा ब्लॅक लेव्हल पाहा, एका क्लिकवर मॉनिटर नवा होतो. अक्षरं फाटल्यासारखी, लाल अक्षराला रंगीत कड दिसत असेल तर आधी रिझोल्यूशन नेटिव्ह, म्हणजे पॅनलच्या मूळ पिक्सेलइतकं, आहे का बघा, मग रंगाचा फॉरमॅट आरजीबी आहे का ते बघा, आणि शार्पनेस कोणीतरी वाढवून ठेवलाय का तेही. आणि २७ इंचावर फुल एचडी घेतला असेल तर इंचाला साधारण ८२ पिक्सेल पडतात, २४ इंचाला ९२ च्या आसपास, म्हणजे अक्षरं थोडी जाडभरडी दिसणारच, तो डिफेक्ट नाही, ती निवड आहे.

१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, घेतला आणि "काहीच फरक नाही" म्हणणारेही भेटतात. विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. फोरकेवर माऊस अडखळत असेल तर जुनी केबल किंवा जुना पोर्ट असेल, एचडीएमआय १.४ फोरकेला ३० हर्ट्झच देतो. डब्यात आलेली केबल लावा, जमलं तर डिस्प्लेपोर्ट वापरा, आणि दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपला जोडून पाहा. दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या केबलवर तोच दोष दिसला तर तो मॉनिटरचा. हे केलेलं असलं की कस्टमर केअरवाल्याशी बोलणंही सोपं जातं, कारण तो पहिल्यांदा हेच करायला लावतो.

हलत्या चित्रामागं सावली राहते तो ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे पिक्सेल भराभर बदलायला लावणाऱ्या सेटिंगचा मामला. गेमिंग मॉनिटरवर "१ एमएस" छापलेलं असतं म्हणून लोक ती सेटिंग सगळ्यात वरच्या टोकाला नेतात, मग सावली जाण्याऐवजी वस्तूमागं उजळ उलटी कड दिसू लागते. मधली सेटिंग ठेवा. व्हीए हा पॅनलचा दुसरा प्रकार असेल तर काळ्या पानावर पांढरी अक्षरं भराभर सरकवली की काळपट ओघळ दिसतो, तो व्हीएचा स्वभाव आहे. बदल्यात आयपीएसच्या साधारण १००० ला १ समोर ३००० ला १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, मिळतो, रात्री सिनेमा पाहणाऱ्याला तो आवडतो.

तिसरी चूक: ठिपके एकाच रंगावर तपासणं

माझी चूक. पांढऱ्यावर फक्त विझलेले ठिपके दिसतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन तुकडे, पांढऱ्या पानावर तिन्ही पेटलेलेच असतात, त्यामुळे कायमचा पेटून राहिलेला हिरवा तिथं लपून जातो. म्हणून काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा अशी पाचही रंगांची पानं पूर्ण स्क्रीनवर लावा, पेंटमध्ये बनवली तरी चालतात, आणि पट्ट्यापट्ट्यानं वरून खाली नजर फिरवा. त्याआधी मऊ मायक्रोफायबर कापडानं स्क्रीन पुसा, अर्धे "डेड पिक्सेल" धुळीचे निघतात. शंका असेल तर भिंग घेऊन पाहा: धूळ वेडीवाकडी असते, पिक्सेल चौकोनी, कडा सरळ.

काळा म्हणजे डेड, तो सहसा परत येत नाही. रंगीत म्हणजे स्टक, त्यावर रंग भराभर बदलणारे व्हिडिओ काही तास चालवून कधीकधी सुटतो. बोटानं दाबायचे प्रयोग नकोत, एकाचे चार होतात.

आता कंपन्या "एका ठिपक्यावर बदलत नाही" का म्हणतात ते समजून घ्या. फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात, फोरकेत जवळपास ८३ लाख. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या आंतरराष्ट्रीय मानकात क्लास २ च्या पॅनलला दर १० लाख पिक्सेलमागं दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले आणि पाच सबपिक्सेलचे, म्हणजे पिक्सेलच्या एकेका रंगतुकड्याचे, दोष चालायचे, म्हणजे फुल एचडीला दुप्पट धरा. २००८ पासून त्याची जागा आयएसओ ९२४१ च्या मालिकेनं घेतली, पण काही दोष चालतात ही कल्पना तशीच राहिली. काही कंपन्या यापेक्षा चांगलं वागतात, डेलच्या काही मॉनिटरवर प्रीमियम पॅनल एक्स्चेंज असतं, त्यात एक ब्राइट पिक्सेल निघाला तरी बदलून देतात. म्हणून घ्यायच्या आधी त्या मॉडेलची पिक्सेल पॉलिसी वाचा. आणि दुकानाची किंवा साइटची रिप्लेसमेंटची मुदत वेगळी आणि कंपनीची वॉरंटी वेगळी. जो ठिपका वॉरंटीत बसत नाही तोच पहिल्या आठवड्यात दुकान बदलून देऊ शकतं. "बसून जाईल" ऐकून थांबू नका.

एक आपल्याकडची गोष्ट. पावसाळ्यात रात्री बारीक चिलटं उजेडाला येतात आणि मागच्या फटींतून थेट पॅनलच्या आत शिरतात. ठिपका हळूच सरकतोय असं वाटलं तर ते चिलट आहे. काहीही झालं तरी त्याच्यावर बोट दाबू नका, आत मेलं की कायमचं तिथंच. मॉनिटर बंद करा, खोली अंधारी करा, बाजूला एक छोटा दिवा लावून ठेवा, बऱ्याचदा आपणच बाहेर निघतं.

चौथी चूक: भर दुपारी, डबा उघडल्या उघडल्या तपासणं

बहुतेक मॉनिटरच्या कागदावर वापरायचं तापमान ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं. आपला मे ४५ च्या घरात, वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला, आणि डबा कुरिअरच्या गाडीत दिवसभर भाजलेला. तासभर खोलीत ठेवा, सुरू करून अर्धा तास चालू द्या, मग रंग आणि उजेड तपासा. कूलरच्या थेट झोतात टेबल ठेवू नका, त्या हवेत ओल असते. कूलर सुरू करताना स्क्रीन क्षणभर काळी होत असेल तर आधी वेगळ्या सॉकेटवर, मग दुसऱ्या केबलवर पाहा. स्टँडच्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मॉनिटर बदलून ते जाणार नाही.

डाग पाहायचे असतील तर ५० टक्के राखाडी पान लावा, नाहीतर जामठ्याच्या स्टेडियमवरची क्रिकेट मॅच लावा, कॅमेरा हिरव्या मैदानावरून सरकला की मळके पट्टे लगेच दिसतात. थोडे सगळ्यांत असतात. क्रीम रंगाच्या पत्रिकेची डावी बाजू गुलाबी आणि उजवी हिरवट दिसली तर मात्र मी लगेच परत करेन.

ज्यावर विचारच करायचा नाही: उभी किंवा आडवी रेघ, लुकलुकणारा पट्टा, अर्धी स्क्रीन वेगळ्या उजेडाची, जाळ्यासारखी तडक, खुर्चीतूनही ऐकू येणारी शिट्टी. त्याच दिवशी तक्रार टाका. तडकेच्या बाबतीत तर डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ हवाच, सीलपट्टी आणि लेबल दिसायला पाहिजे, नाहीतर फुटला कोणाकडून यावरच वाद होतो.

तक्रारीत फोटो देताना एक्सपोजर लॉक करून, सहासात फुटांवरून, नेहमीच्या ब्राइटनेसवर काढा, आणि लिहा की कोणत्या केबलवर, कोणत्या दोन मशीनवर तपासलं. फोनवर बोलणं झालं तरी मेल टाकाच, तक्रार नंबर आणि तारीख जपून ठेवा. दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोग, तिथं ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल करायची फी लागत नाही. खोकं आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत माळ्यावर कोरड्या जागी ठेवा, भाच्याचं अजून आहे.