रोटेटर कफ मोठा फाटलाय? दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी आणि नंतर काय सांभाळायचं

खांद्याच्या सांध्याला चार स्नायूंच्या टेंडनची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांची) गवसणी असते, तिला रोटेटर कफ म्हणतात. फाट 5 सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा दोन वा अधिक टेंडन हाडापासून सुटले असतील, तर ती ‘मॅसिव्ह’ फाट. ती दुर्बिणीतून शिवता येते, पण शिवण वर्षानुवर्षं टिकेल का, हे मुख्यतः टेंडन-स्नायूच्या आधीच्या अवस्थेवर आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांवर ठरतं.

एमआरआय घेऊन सर्जनकडे जाल तेव्हा दोन प्रश्न विचाराच. टेंडन किती मागे सरकलंय? आणि स्नायूत चरबी किती शिरलीय? चरबी 0 ते 4 अशा गुटालिए श्रेणीत मोजतात. श्रेणी 3 म्हणजे स्नायूइतकीच चरबी, 4 म्हणजे स्नायूपेक्षा जास्त. ही चरबी ऑपरेशननंतर सहसा मागे हटत नाही. एक्स-रेमध्ये दंडाच्या हाडाचा गोळा वर सरकून वरच्या हाडापासूनचं अंतर 7 मिलिमीटरपेक्षा कमी झालं असेल, तर शिवण टिकण्याची आशा कमी. मग अर्धवट शिवणं, दुसऱ्या स्नायूचं टेंडन वळवणं किंवा उतारवयात रिव्हर्स रिप्लेसमेंट (गोळा आणि खोबणीच्या जागा उलटवून बसवलेला कृत्रिम सांधा) हे पर्याय मोकळेपणाने बोलून घ्या.

तंबाखू, सिगारेट बंद. साखर आटोक्यात. गेल्या महिन्याभरात खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर सांगा, कारण त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

ऑपरेशननंतर टेंडन हाडाला फक्त अँकर (हाडात बसवलेले छोटे खिळे) आणि दोऱ्यांनी धरलेलं असतं. शिवण सुटते तेव्हा बहुधा दोरा तुटत नाही, तो मऊ पडलेलं टेंडन कापत बाहेर येतो. म्हणून दुखणं थांबलं म्हणजे जुळलं, असं अजिबात धरू नका. दुखणं थांबल्यावरच माणूस बादली उचलतो आणि शिवण जाते.

साधारण सहा आठवडे उशीवाली स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी), रात्रीसुद्धा. पाठ टेकून अर्धवट बसून झोपा आणि कोपराखाली उशी ठेवा. मान न उचलता स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते मागे पडलंय आणि शिवणीवर ताण येतोय. शर्ट पुढून बटणांचा घ्या. घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. काख धुवायला कमरेत पुढे वाका आणि हात नुसता लोंबू द्या, स्वतःच्या ताकदीने उचलू नका. बोटं, मनगट, कोपर मात्र रोज हलवा.

सहा आठवड्यांनंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली स्वतःहून हात उचलणं सुरू होतं, ताकदीचे व्यायाम साधारण बाराव्या आठवड्यापासून. मॅसिव्ह फाटीत बरेच सर्जन सोळाव्यापर्यंत थांबवतात, आणि ते योग्यच आहे. कणीक मळणं, स्कूटर ढकलणं, डोक्यावरून डबे काढणं याची घाई नको. जड कामाला किमान सहा महिने. तिसऱ्या महिन्यात खांदा आखडलेला असेल तर घाबरून जोराने ताणू नका. हा ताठरपणा बहुतेकांचा वर्षभरात सैल होतो. फाटलेली शिवण मात्र आपोआप जुळत नाही. ताप, जखमेतून पाणी किंवा अचानक गेलेली ताकद दिसली तर थेट सर्जनकडे.

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दुर्बिणीतून शिवलेल्या 18 मोठ्या फाटींपैकी 17 अल्ट्रासाउंडवर पुन्हा उघडलेल्या दिसल्या. तरीही बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं. त्यानंतर टाके घालण्याच्या पद्धती सुधारल्या, पण मॅसिव्ह फाट पुन्हा उघडण्याचं प्रमाण आजही लहान फाटीपेक्षा बरंच जास्त आहे. त्यामुळे नुसत्या स्कॅनवरून दुसऱ्या ऑपरेशनला होकार देऊ नका. रात्री झोप लागते का, हात डोक्यापर्यंत जातो का, हे आधी पाहा. ज्यांचं टेंडन खरंच जुळतं त्यांची ताकद मात्र जास्त राहते. काही वर्षांनी हात वर जाणं कमी होऊ लागलं किंवा सांधा घासल्यासारखा वाजू लागला, तर एक्स-रे काढून घ्या. गोळा वर सरकून सांधा झिजला असेल तर पुन्हा शिवण्यात अर्थ नसतो, रिव्हर्स रिप्लेसमेंटचा विचार करावा लागतो.