व्हिस्कीत कडू मिसळताना

कारली चिरली की आई फोडींना मीठ चोळून ठेवायची. व्हिस्कीत कँपारी, म्हणजे लाल, कडू इटालियन मद्य, घालायला लागलो तेव्हा तेच मीठ आठवलं. कडू अंगावर आलं म्हणून साखर वाढवली की पेय नुसतं चिकट होतं. मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाका, कडवटपणाची धार बोथट होते.

सुरुवात बुलेव्हार्डिए या कॉकटेलपासून करा. १९२७ साली पॅरिसच्या बारवाल्या हॅरी मॅकेलहोनने त्याची कृती छापली तेव्हा बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), कँपारी आणि गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समसमान होतं. मला त्यात कँपारीची दादागिरी वाटते. मी बर्बन ४५ मिली घेतो, बाकी दोन्ही ३०-३०. जळक्या ओकच्या पिंपात मुरलेल्या बर्बनचा व्हॅनिलासारखा गोडवा कडूला सांभाळून घेतो. धुराच्या वासाची स्कॉच इथे नकोच, औषध प्यायल्यासारखं वाटतं. घरात साधी ब्लेंडेड असेल तर ती ६० घ्या आणि कँपारी २० वर आणा.

कडूची सवय नसलेल्या पाहुण्याला कँपारीऐवजी अपेरोल द्या. तीही इटालियन, पण ११ टक्के अल्कोहोलची, गोडसर. ४५ व्हिस्की, ३० अपेरोल, २० लिंबाचा रस, चमचाभर साखरेचा पाक, आणि बर्फ घालून चांगलं हलवायचं.

सोलापुरात खरी लढाई बर्फाशी. मे महिन्यात होटगी रोडच्या आमच्या गच्चीवर रात्री नऊलाही फरशी गरम असते, छोटे खडे बघता बघता पाणी होतात. मी स्टीलच्या वाटीत पाणी गोठवतो. वाटी उलटी करून नळाखाली धरली की अख्खा गोळा हातात येतो. बुलेव्हार्डिए घरात, पंख्याखाली, साध्या बर्फावर अर्धा मिनिट ढवळायचं आणि गाळून त्या गोळ्यावर ओतायचं.

व्हर्मूथ ही वाइन आहे हे विसरू नका. एका एप्रिलमध्ये मी उघडलेली बाटली कपाटात ठेवली. पंधरा दिवसांत आंबलेल्या मनुकांसारखा वास. तेव्हापासून ती फ्रीजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी.

वरून साल हवीच. नागपुरी संत्र्याची साल सैल, पिळताना फाटते. मोसंबीची घ्या, सोलाण्याने, पांढरा भाग न येऊ देता. ग्लासवर धरून चिमटली की तेलाचा बारीक फवारा पेयावर बसलेला दिसतो.

सोबत कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी, वर थोडं तेल सोडून. शेंगदाण्याचं तेल जिभेवर असलं की कँपारीचा पुढचा घोट मऊ लागतो.